'आपण' की 'आम्ही'? : 'रिच लाइक अस' या कादंबरीतील वैफल्याचे स्वरूप

राजकीय घटनेवर बेतलेली कादंबरी त्या घटनेबरोबरच जुनी होते, हा समज आपल्या समीक्षेत इतका रूढ आहे की तो तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. तो सर्वस्वी निराधार नाही, हेही खरे. २५ जून १९७५ च्या रात्री जारी झालेल्या आणि २१ मार्च १९७७ रोजी मागे घेण्यात आलेल्या आणीबाणीने भारतीय भाषांतील लेखकांच्या मनावर खोल ओरखडा उठविला. ती उठताच तुरुंगातील रोजनिश्या, आठवणी, उपहासकथा, कविता आणि कादंबऱ्या यांचा पूर लोटला. त्यांतील बरेचसे लेखन आज इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी पडते. वाङ्मयाचा वाचक त्याकडे क्वचितच वळतो. याचे कारण सांगताना टीकाकार बहुधा 'लेखकाला घटनेपासून पुरेसे अंतर लाभले नव्हते' असे म्हणून मोकळे होतात. परंतु अंतर हे काही वाङ्मयीन गुणाचे माप नव्हे. दहा वर्षांनी लिहिलेले पुस्तकही निव्वळ तक्रारीच्या पातळीवर राहू शकते, आणि कोठडीत लिहिलेली चार पाने तिच्यापलीकडे जाऊ शकतात.

कारण दुसरीकडे शोधावयास हवे. तक्रार करणारा माणूस आणि विफल झालेला माणूस हे एकच नव्हेत. तक्रार करणाऱ्याच्या मनात एक सरळ रेषा आखलेली असते: रेषेच्या पलीकडे 'ते', अलीकडे 'मी'. त्याची बाजू न्याय्य असू शकते; बहुधा ती असतेच. विफल झालेल्या माणसाला ही रेषा आखता येत नाही. ज्या सत्तेने त्याचा हक्क काढून घेतला ती त्याला परकी म्हणता येत नाही, कारण ती उभारताना त्याचा किंवा त्याच्या वडिलांचा हात लागलेला असतो. परकीय सरकारने गजाआड केले तेव्हा देशभक्ताला संताप आला, क्लेश झाले. वैफल्य मात्र त्याच्या वाट्याला आले नाही, कारण त्या सरकारकडून त्याने फारसे काही मागितलेच नव्हते. ज्याला राज्य आपले वाटते त्यालाच राज्याविषयी वैफल्य येऊ शकते. आणीबाणीवरील लेखनापैकी जे तगले, ते बहुतांशी या दुसऱ्या प्रकारच्या मनातून आले आहे. नयनतारा सहगल यांची 'रिच लाइक अस' ही १९८५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेली आणि १९८६ च्या साहित्य अकादेमी पुरस्कारास पात्र ठरलेली इंग्रजी कादंबरी त्याचे एक ठळक उदाहरण होय. तिचे गुण आणि तिच्या मर्यादा, दोन्ही याच एका गोष्टीपाशी येऊन मिळतात.

लेखिकेच्या चरित्राचा आधार घेऊन कलाकृतीचा अर्थ लावणे हा मार्ग एरवी निसरडाच. येथे मात्र तो टाळणे अधिक कृत्रिम ठरेल. सहगल यांचा जन्म १९२७ साली अलाहाबादेत, नेहरूंच्या घरात झाला. आई विजयालक्ष्मी पंडित, मामा जवाहरलाल, मामेबहीण इंदिरा. वडील रणजित सीताराम पंडित हे महाराष्ट्रीय कुळातले. बॅरिस्टर, बहुभाषी, संस्कृतचे व्यासंगी. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'चा त्यांचा इंग्रजी अनुवाद १९३५ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यामागचे बरेचसे काम तुरुंगात झालेले होते. तुरुंगवासात ढासळलेली प्रकृती पुन्हा सावरली नाही आणि जानेवारी १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९५४ सालच्या 'प्रिझन अँड चॉकलेट केक' या आत्मपर पुस्तकात सहगल यांनी ते बालपण सांगितले आहे. घरातील मोठी माणसे तुरुंगात जातात ही गोष्ट त्या घरातील मुलांच्या दृष्टीने सणवारासारखी नेमाची होती. अशा घरात वाढलेल्या लेखिकेच्या डोळ्यांदेखत, त्याच घरातील एका व्यक्तीच्या सहीने, स्वतंत्र भारतातील नागरिक विनाचौकशी तुरुंगात जाऊ लागले. त्यांनी स्तंभलेखनातून आणि ग्रंथांतून आपल्या बहिणीच्या राजकारणावर उघड टीका केली, आईनेही १९७७ च्या निवडणुकीत मुलीचीच बाजू घेतली. हा इतिहास सर्वश्रुत आहे. वाङ्मयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व एवढेच, की 'ते' आणि 'मी' अशी सरळ वाटणी करण्याची सोय या लेखिकेला जन्मतःच उपलब्ध नव्हती.

(कल्हणाने आपल्या ग्रंथारंभी इतिहास सांगणाऱ्या कवीने राग आणि द्वेष यांपासून मुक्त असावे अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. वडिलांनी ज्या कवीचा अनुवाद केला त्याची ही अट मुलीला कितपत पाळता आली, हा प्रश्न कादंबरी वाचताना मनात राहतोच.)

कादंबरीचा काळ आणीबाणीचे पहिले काही महिने, स्थळ दिल्ली. दोन निवेदने एकाआड एक येतात. एक सोनाली रानडे या तरुण सनदी अधिकारी स्त्रीचे, प्रथमपुरुषी. दुसरे रोझ या इंग्रज स्त्रीभोवती फिरणारे, तृतीयपुरुषी. सोनाली उद्योग खात्यात आहे. 'हॅपिओला' नावाच्या एका फेसाळ पेयाच्या कारखान्यासाठी आलेला परकीय सहकार्याचा प्रस्ताव ती नियमाला धरून नामंजूर करते, आणि पूर्वसूचना न देता तिची उचलबांगडी होते. तिच्या जागी येतो रवि काचरू, तिचा बालपणापासूनचा मित्र, ऑक्सफर्डमधला सहाध्यायी, एके काळचा कट्टर मार्क्सवादी. सोनाली काविळीने अंथरुणाला खिळते. रोझ ही राम नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याची दुसरी पत्नी. राम पक्षाघाताने निश्चेष्ट पडला आहे, आणि पहिल्या पत्नीचा मुलगा देव बापाच्या खोट्या सह्या करून पैसा काढतो आहे. हे रोझला ठाऊक आहे, म्हणून ती त्याला अडचणीची होते. अखेरीस तिचा खून होतो आणि त्या खुनाची दाद कोठेही लागत नाही.

एवढ्या कथानकावरून ही कादंबरी भ्रष्टाचाराची कहाणी वाटेल. वस्तुतः तिचा खरा विषय सज्जनांचे वागणे हा आहे. हुकूमशाहीचा हुकूम कोणी दिला याविषयी सहगल यांना फारसे कुतूहल नाही. पंतप्रधान आणि त्यांचा पुत्र कादंबरीत प्रत्यक्ष रंगमंचावर येत नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लेखिकेची नजर खिळली आहे ती हुकूम टंकलिखित करणाऱ्या, त्यावर शेरा मारणाऱ्या, तो पुढच्या टेबलावर सरकविणाऱ्या माणसांवर. ही माणसे क्रूर नाहीत. त्यांना चांगले इंग्रजी येते, ती कर्जबाजारी नाहीत, त्यांच्या घरी पुस्तके आहेत. सकाळी कचेरीत जाताना त्यांना एवढेच दिसते की गाड्या वेळेवर सुटत आहेत. त्यांच्यापैकी एकानेही नकार दिला असता तर काय झाले असते, हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही. सोनालीने नकार दिलेला आहे आणि काहीही झालेले नाही, ही वस्तुस्थिती ती पहिल्याच भागात मांडून टाकते. त्यामुळे पुढे येते ते नायिकेचे शौर्य नव्हे. येतो तो एक अवघड आत्मशोध: आपल्याला हे इतके उशिरा का दिसले?

या शोधातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे सोनालीचे वडील, केशव रानडे. ते जुन्या इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले. राज्ययंत्रणा तटस्थ असते आणि तटस्थ यंत्रणा हाच नागरिकाच्या हक्कांचा आधार, ही त्यांची श्रद्धा. मराठी वाचकाला 'रानडे' या आडनावातूनच एक परंपरा ऐकू येते: कायद्यावर, सुधारणेवर, क्रमाक्रमाने मिळणाऱ्या न्यायावर विश्वास ठेवणारी. आडनावाची ही निवड हेतुपूर्वक असो वा नसो, ती अचूक आहे. मुलीला वारशाने मिळाली ती ही श्रद्धा, आणि तीच १९७५ मध्ये तिच्या हातात फुटते. परंतु सहगल येथे थांबत नाहीत. वडिलांच्या कागदपत्रांत सोनालीला आजोबांचे एक हस्तलिखित सापडते. १९०५ साली आजोबांच्या आईला सती घालविण्यात आले, त्याची ती हकिकत. बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा १८२९ चा. म्हणजे कायदा होऊन ७६ वर्षे लोटली होती. घराच्या अंगणात त्याचा प्रवेश झाला नव्हता.

हा प्रसंग काही टीकाकारांना उपरा वाटला आहे. आणीबाणीच्या कादंबरीत सतीचे काय काम? हा आक्षेप वरवरचा होय. हस्तलिखित नसते तर कादंबरीला एक सोयीस्कर समजूत करून घेता आली असती: १९७५ पूर्वी सारे काही ठीक होते, मग एका स्त्रीने ते बिघडविले. सतीच्या त्या ज्वाळेने ही समजूत जळून जाते. ज्या समाजात एका बाईला चितेकडे नेले जात असताना सारे गाव उभे राहून पाहते, त्या समाजाला हुकूमशाही बाहेरून आणावी लागत नाही. तिच्यासाठी लागणारी सवय घरातच तयार असते. व्यक्तीचा हक्क संविधानाने दिला, पण तो हक्क दुसऱ्याचा असताना त्याच्यासाठी पुढे होण्याची वृत्ती संविधान कोठून देणार? येथे वैफल्य राजकारणातून निघून कुटुंबाच्या, रूढीच्या, स्वतःच्या रक्ताच्या दिशेने वळते. आणीबाणीवरील फार थोड्या लेखनाने हे वळण घेतले आहे.

कायद्याचा धागा पुढे वास्तवात कसा वळला हे पाहण्यासारखे आहे. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने असे ठरविले की स्थानबद्धाला आपल्या अटकेच्या वैधतेविषयी दाद मागता येणार नाही. भिन्न मत एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड होते. २०१७ साली खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात तो निर्णय चुकीचा ठरविणाऱ्या निकालपत्रांपैकी प्रमुख निकालपत्र त्यांच्या पुत्राचे, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे होते. मधे ४१ वर्षे गेली. वडिलांनी लिहिलेले मुलाने दुरुस्त करावे, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने योजिला असता तर टीकाकारांनी त्याला कृत्रिम ठरविले असते. सहगल यांच्या कादंबरीत केशव रानडे यांची श्रद्धा तपासणारी त्यांची मुलगी याच जातीची आहे. फरक एवढाच, की तिच्या हाती निकालपत्र नाही.

कादंबरीतील तुरुंग मात्र न्यायमूर्तींचा नव्हे, दुकानदाराचा आहे. किशोरीलाल हा निशीचा बाप, म्हणजे देवचा सासरा. बाप कारण न कळता तुरुंगात पडलेला आणि मुलगी पंतप्रधानांना पाठिंबा देणाऱ्या उद्योजक-पत्नींच्या मंडळात मिरवीत असलेली, ही रचना जरा ठसठशीत आहे. तिच्यातील उपरोध वाचकाला शोधावा लागत नाही, तो समोर येऊन उभा राहतो. तरीही किशोरीलालच्या कोठडीतील पाने कादंबरीतील उत्तम पानांत मोडतात. या माणसाजवळ कोणतेही तत्त्वज्ञान नाही. त्याला दुकानाची काळजी आहे. हक्क हरवला म्हणजे नेमके काय हरवते, हे सोनालीच्या दहा चिंतनांपेक्षा त्याच्या गोंधळातून अधिक कळते.

येथून कादंबरीच्या मर्यादेकडे येणे क्रमप्राप्त आहे. सोनाली फार बोलते. तिचे वैफल्य खरे आहे, परंतु ते पुष्कळदा निबंधाच्या वाटेने जाते. राज्यव्यवस्था, नोकरशाही, समाजवाद यांविषयीचे तिचे परिच्छेद वाचताना सहगल यांच्या स्तंभलेखनाची आठवण यावी, आणि कादंबरी क्षणभर थांबल्यासारखी वाटावी, असे एकाहून अधिक ठिकाणी घडते. रवि काचरू हा तर वाया गेलेला अवसर होय. ज्याने सिद्धान्तासाठी मैत्रीण गमावली आणि पुढे पदासाठी सिद्धान्त गमावला, त्याच्या मनाच्या आत कादंबरीने शिरावयास हवे होते. लेखिका त्याला बाहेरूनच पाहते. सज्जन माणूस कसा वाकतो हा विषय हाती घेतल्यावर, वाकणाऱ्या माणसाचीच अंतर्दृष्टी टाळणे ही छोटी उणीव नव्हे.

याउलट रोझच्या निवेदनाला हात लावताच गद्य जिवंत होते. १९३२ साली लंडनमधील चॉकलेटच्या दुकानात काम करणारी ही कनिष्ठ वर्गातील पोर रामबरोबर लाहोरला येते आणि त्याच्या पहिल्या बायकोच्या घरातच तिला संसार करावा लागतो. मोना आणि रोझ यांच्यातील वैर, मोनाने स्वतःला जाळून घेण्याचा केलेला प्रयत्न, रोझने तिला वाचविणे आणि त्यातून हळूहळू जुळलेली सोबत हा भाग कोणत्याही भाषेतील वाचकाला हलवून सोडील असा आहे. रोझला राजकारण कळत नाही. साम्राज्याच्या शाळेत शिकलेल्या तिला साम्राज्याविषयीही फारसे काही कळत नाही. तिला एवढेच कळते की समोरच्या माणसाला भाजते आहे. सतीच्या हस्तलिखितातील जमावाला जे सुचले नाही ते या बाईला सुचते. दोन प्रसंगांमधील हे नाते लेखिकेने कोठेही उच्चारून दाखविलेले नाही, हे तिच्या कलेचे यश.

कादंबरीच्या नावाचा प्रश्न अनुवादकाच्या दृष्टीने अतिशय उद्बोधक आहे. 'रिच लाइक अस' या तीन शब्दांतील 'अस' मराठीत आणताना दोन वाटा फुटतात: 'आमच्यासारखे श्रीमंत' आणि 'आपल्यासारखे श्रीमंत'. 'आम्ही' म्हणताच ऐकणारा बाहेर उभा राहतो. 'आपण' म्हणताच तो आत येतो. हा भेद इंग्रजीला नाही. हिंदीच्या 'हम'ला आणि बंगालीच्या 'आमरा'लाही तो नाही. गुजराती अनुवादकाला मात्र तो टाळता येणार नाही, आणि तमिळ, तेलुगू, मल्याळम या भाषांतील अनुवादकांनाही नाही. म्हणजे निम्म्या देशात या कादंबरीचे नाव जसेच्या तसे ओलांडून जाईल, आणि निम्म्या देशात अनुवादकाला आधी निर्णय द्यावा लागेल की हे पुस्तक नेमके कोणाविषयी आहे. कादंबरीत ज्या आत्मतुष्ट वृत्तीतून हे शब्द आले आहेत, तिचे बोल 'आमच्यासारखे' असेच होतील: गरीब आमच्याप्रमाणे वागले असते तर आमच्यासारखे श्रीमंत झाले असते. परंतु पुस्तकाच्या मुखपृष्ठावर येताच त्या शब्दांचा रोख फिरतो. तेथे बोलते ती लेखिका, आणि ती वाचकाला सोडीत नाही. मुखपृष्ठावर 'आपल्यासारखे' आणि आतल्या पानावर 'आमच्यासारखे' अशी तडजोड करण्याचा मोह होईल, पण तशी तडजोड केली तर दोन्ही ठिकाणी तोच शब्द असण्यातला डंख नाहीसा होतो. दोहोंपैकी एकच निवडावयाचे तर 'आपल्या' हाच शब्द अधिक खरा. आतल्या पानावर तो किंचित खटकेल, आणि खटकू द्यावा.

भाषेच्या आणखी एका बाबीकडे लक्ष वेधावेसे आहे. रोझची बोली लंडनच्या गल्ल्यांतली. तिच्या तोंडी मालवणी किंवा वऱ्हाडी घालणे हा सोपा आणि घातक उपाय. रोझ तत्काळ सावंतवाडीची किंवा अमरावतीची होऊन बसेल. त्यापेक्षा संबोधनाकडे पाहावे. इंग्रजीतील एकाच सर्वनामाआड लपलेले 'तू' आणि 'अहो' मराठीत उघडे पडतात. लंडनमध्ये रोझ रामला 'तू' म्हणेल यात शंका नाही. लाहोरच्या घरात, जेथे दुसरी पत्नी नवऱ्याचे नावही घेत नसेल, तेथेही रोझने 'तू'च म्हणत राहावे. तिच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा जो काही अंश त्या घरात उरला, तो या एका अक्षरात राहील. अनुवादकाने सौजन्यापोटी तिला 'अहो' म्हणावयास लावले तर तोही जाईल.

इतर भाषांतील आणीबाणीच्या कादंबऱ्यांशी तुलना केली असता 'आपण'ची ही बाजू अधिक स्पष्ट होते. ओ. व्ही. विजयन यांची मल्याळम 'धर्मपुराणम्' ही १९७५ च्या जुलैपासून क्रमशः प्रसिद्ध व्हावयाची होती. आणीबाणीमुळे ते लांबणीवर पडले आणि पुस्तकरूपाने ती १९८५ सालीच, म्हणजे 'रिच लाइक अस'च्याच वर्षी, वाचकांपुढे आली. विजयन यांनी सत्तेची किळस शरीराच्या किळसवाण्या क्रियांतून उभी केली. त्या रौद्र उपहासापुढे सहगल यांचे गद्य फारच नेमस्त वाटते. परंतु विजयन यांचा राष्ट्राध्यक्ष आणि वाचक यांच्यामध्ये घृणेची जी भिंत उभी राहते, तिच्या आडोशाला वाचक सुरक्षित असतो. सहगल यांच्या वाचकाला असा आडोसा नाही.

राही मासूम रजा यांची 'कटरा बी आर्ज़ू' ही १९७८ सालची हिंदी कादंबरी नेमकी उलट बाजूने येते. तीही अलाहाबादचीच. आनंद भवन ज्या शहरात आहे त्याच शहरातील एका कटऱ्यातली गरीब माणसे, स्वतःचे घर बांधण्याचे त्यांचे स्वप्न आणि त्यावर फिरणारा बुलडोझर हा तिचा विषय. एकाच गावातून आणीबाणीवरील दोन कादंबऱ्या निघाव्यात आणि एकीतील माणसांनी दुसरीतील माणसांना कधी पाहिलेलेही नसावे, हे पुरेसे बोलके आहे. रजा यांच्या पात्रांना वैफल्य येत नाही. त्यांना ते परवडण्यापूर्वीच ती चिरडली जातात. सहगल यांच्या कादंबरीतही असा एक माणूस आहे: रोझच्या घराजवळ वावरणारा हात नसलेला भिकारी. तो मूळचा बटाईदार. पिकातला आपला कायदेशीर वाटा मागितला म्हणून त्याचे हात तोडले गेले. हक्क या शब्दाची सर्वांत मोठी किंमत कादंबरीत त्याने मोजली आहे, आणि सर्वांत कमी शब्द त्याच्याच वाट्याला आले आहेत. रोझच्या खुनाविषयी त्याला जे ठाऊक आहे तेही कोणी नीट विचारीत नाही. 'आपण'चा परीघ येथे संपतो. हा दोष लेखिकेच्या ध्यानात आला नसेल असे वाटत नाही. परंतु ध्यानात येणे आणि ओलांडता येणे यांत अंतर आहे, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या, बंगल्यात वाढलेल्या लेखिकेला ते ओलांडता आले नाही.

मराठी वाङ्मयीन जीवनाशी या कादंबरीचा आणि तिच्या लेखिकेचा संबंध आडनावापुरता राहिला नाही. डिसेंबर १९७५ मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, कराड येथे मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे केंद्रीय मंत्री. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि कैदेतून नुकतेच सुटलेल्या, आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थनेचे आवाहन केले. पुढे १९७६ मध्ये त्यांना तुरुंगवास घडला. या घटनेचे वर्णन करताना मराठीत शौर्यावर भर दिला जातो, आणि तो योग्यच आहे. परंतु अधिक विचारार्ह आहे ती त्या मांडवाची रचना. सत्ता आणि साहित्य तेथे एकमेकांच्या शत्रूंसारखी समोरासमोर उभी नव्हती. यजमान आणि पाहुणे म्हणून एकाच मांडवात होती. चव्हाण स्वतः वाङ्मयाचे रसिक, दुर्गाबाईंच्या विद्वत्तेविषयी त्यांना आदर. त्यांनी अध्यक्षांचे भाषण थांबविले नाही, आणि दिल्लीला परतून राजीनामाही दिला नाही. 'रिच लाइक अस'मधील सज्जनांचे जे चित्र आहे, त्याला लागणारे सारे रंग कराडच्या मांडवात हजर होते. मराठीत ती कादंबरी लिहिली गेली नाही. आणीबाणीवर मराठीत चांगले वृत्तान्त आहेत, निबंध आहेत. सत्तेच्या मांडवात आदराने बसलेल्या रसिक माणसाच्या मनात शिरणारी कादंबरी नाही.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथील ९२ व्या संमेलनाच्या उद्घाटनासाठी सहगल यांना निमंत्रण गेले होते. त्याआधी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, लेखकांच्या हत्या आणि त्यांविषयीचे मौन यांच्या निषेधार्थ, त्यांनी याच कादंबरीला मिळालेला अकादेमीचा पुरस्कार परत केला होता. त्याच महिन्यात अकादेमीच्या कार्यकारी मंडळाने हत्यांचा निषेध करणारा ठराव केला आणि पुरस्कार परत घेण्याची लेखकांना विनंती केली. तो ठराव उशिरा आला की वेळेवर, यावर मतभेद राहिले. यवतमाळचे निमंत्रण उद्घाटनाच्या काही दिवस आधी मागे घेण्यात आले. मराठी संमेलनाचे उद्घाटन इंग्रजी लेखिकेने का करावे, या विरोधाचे निमित्त झाले. महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी झाल्या प्रकाराविषयी व्यासपीठावरून स्पष्ट नापसंती व्यक्त केली, आणि न झालेले भाषण मराठी अनुवादातून गावोगाव वाचले गेले. कराडला केलेल्या भाषणापेक्षा यवतमाळला न केलेले भाषण अधिक वाचकांपर्यंत पोहोचले असणे शक्य आहे. कराड आणि यवतमाळ यांतील भेद त्याने पुसला जात नाही. १९७५ साली बंदी होती आणि व्यासपीठ मिळाले. २०१९ साली बंदी कोणतीही नव्हती आणि व्यासपीठ गेले. कोणत्याही कायद्याचे कलम लागू झाले नाही. काही सज्जन माणसांनी गडबड नको म्हणून एक पत्र लिहिले, एवढेच घडले, आणि ते जणू 'रिच लाइक अस'च्या एखाद्या प्रकरणातून उचलून आणावे तसे घडले.

याच ठिकाणी एक गोष्ट नोंदविणे भाग आहे, कारण निषेधाच्या लेखनात ती बहुधा गाळली जाते. सहगल यांच्याऐवजी त्या संमेलनाचे उद्घाटन यवतमाळ जिल्ह्यातील, पतीने आत्महत्या केलेल्या एका शेतकरी स्त्रीच्या हस्ते झाले. ही निवड आयोजकांनी पेच सोडविण्यासाठी केली असेल. पण ती स्त्री तेथे उभी राहून स्वतःच्या शब्दांत बोलली, आणि जे बोलली ते ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहिले. पिकाचा वाटा मागणाऱ्या त्या बटाईदाराला कादंबरीत जे मिळाले नाही, ते लेखिकेच्या रिकाम्या झालेल्या जागेवर त्याच्याच वर्गातील एका बाईला मिळाले. एकीचा हक्क नाकारल्याने दुसरीला संधी मिळाली, म्हणून नकार समर्थनीय ठरत नाही. दोघी एकाच व्यासपीठावर का बसू शकल्या नाहीत, हे मात्र कोणी विचारले नाही. 'आपल्यासारखे' या शब्दाचा परीघ वाढविण्याचा तो एक अवसर होता.

कादंबरीच्या शेवटी सोनाली नोकरीकडे परतत नाही, आंदोलनातही जात नाही. एका परिचित इंग्रज स्त्रीच्या सूचनेवरून ती सतराव्या-अठराव्या शतकातील भारतीय कलेच्या अभ्यासाला बसते. कित्येक वाचकांना यात पलायन दिसले आहे. वैफल्याने थकलेल्या बुद्धिवंताने संग्रहालयात दडून बसावे, याची चीडही त्यांना आली आहे. तसा अर्थ काढण्यास जागा आहे, आणि लेखिकेने तो नाकारलेला नाही. परंतु रणजित पंडितांची मुलगी हा शेवट लिहिते आहे, हे येथे विसरता येत नाही. तुरुंगात असताना त्यांनी बाराव्या शतकातील एका कवीचे पुस्तक उघडले होते. राजे कसे आले, कसे माजले आणि कसे गेले याची ती नोंद होती, आणि बाहेर परकीय राज्य चालू असताना ते तिचा शब्दन् शब्द दुसऱ्या भाषेत उतरवून घेत होते. सोनालीने उघडलेले शतकही मोगल सत्तेच्या वैभवाचे आणि तिच्या ढासळण्याचे आहे. ती तेथे काय वाचणार आहे हे कादंबरी सांगत नाही. ती टेबलाशी बसलेली दिसते आणि पुस्तक संपते.